जास्त पॉवरचे टॉर्च: गोव्यात वापरताना आणि त्यांत बदल करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक शब्दाचा घोळ मिटवू. गोव्यात घरोघर टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि आत घालायच्या बॅटरीला ‘सेल’. या पानावर टॉर्च म्हणजे टॉर्च, सेल म्हणजे सेल. ‘बॅटरी’ हा शब्द इथून पुढे येणार नाही.

खोक्यावर १,००,००० लुमेन छापले आहे. खरे असते का?

नाही. हिशेब घरी करता येतो. चांगला एलईडी प्रत्यक्ष टॉर्चमध्ये एका वॅटला साधारण १०० ते १२० लुमेन देतो. लाखभर लुमेनसाठी ९०० वॅट तरी लागतील. एका चांगल्या १८६५० सेलमध्ये (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) सुमारे १०.८ वॅट-तास ऊर्जा असते. तो सेल ४३ सेकंदांत रिकामा होईल, तेही त्यातून २५० अँपिअर ओढता आले तर. हातात मावणाऱ्या, एका सेलच्या टॉर्चमधून दीड ते चार हजार लुमेन थोडा वेळ निघतात, यावर आकडा दिसला की तो संशयाने वाचावा.

खोक्यावर ‘एफएल-१’ पद्धतीचे आकडे असतील तर ते निदान एका मापाने मोजलेले असतात. प्रकाश टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटे या वेळात मोजतात, चालण्याचा वेळ प्रकाश १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात आणि पल्ला म्हणजे जिथे ०.२५ लक्स उरतो ते अंतर. यात एक फट आहे. टॉर्च पहिली दोन मिनिटे ३,००० लुमेन देऊन पुढचे चार तास ५०० वर चालला, तरी खोक्यावर ‘३,००० लुमेन, ४ तास’ असे नियमाला धरून छापता येते. म्हणून वेळ-प्रकाशाचा आलेख बघावा. आलेख कुठेच दिलेला नसेल तर त्यातूनही काय ते समजावे.

लुमेन बघू की कॅन्डेला?

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. कॅन्डेला म्हणजे झोताच्या मधल्या भागाची तीव्रता. किती लांब दिसेल ते कॅन्डेला ठरवते. सूत्र सोपे आहे: कॅन्डेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की मीटरमध्ये पल्ला मिळतो. १०,००० कॅन्डेलाला २०० मीटर, ४०,००० ला ४०० मीटर.

म्हणजे ७०० लुमेन आणि ६०,००० कॅन्डेलाचा अरुंद झोताचा टॉर्च ४९० मीटर जातो, तर ४,००० लुमेन पण १५,००० कॅन्डेलाचा पसरट टॉर्च २४५ मीटरवर थांबतो. हे अंतरही कागदावरचे. ०.२५ लक्स म्हणजे जवळपास पौर्णिमेचे चांदणे. तेवढ्यात ‘काहीतरी हलले’ एवढेच कळते. गवा आहे की शेजाऱ्याची म्हैस, हे ओळखायला त्या अंतराच्या निम्म्यावर यावे लागते, तिथे उजेड चौपट होतो.

हाच चौपटीचा नियम खरेदीतही लक्षात ठेवावा. दुप्पट लांब बघायला चौपट कॅन्डेला लागतात. १,००० लुमेनचा टॉर्च विकून १,५०० चा घेतला तर डोळ्याला फरक जेमतेम जाणवतो.

मला नक्की कोणता लागेल?

कुळागरात रात्री पाणी सोडायला किंवा साळींदर आले का बघायला जायचे असेल तर ३०० ते ५०० लुमेनचा पसरट झोत पुरतो. पोफळींच्या दाटीत लांब पल्ल्याचा टॉर्च उलट त्रास देतो. झोत जवळच्या खोडावर आदळतो आणि मागचे काही दिसत नाही. पायाखालचे फुरसे दिसणे महत्त्वाचे, दोनशे मीटरवरचा माड नाही.

खाजन शेताच्या बांधावरून, मानशीवरून, नदीकाठी किंवा होडीतून बघायचे असेल तर अरुंद झोत हवा. तिथे ३०,००० कॅन्डेलाच्या खाली घेऊ नये.

वीज गेल्यावर घरात १५० लुमेन छताकडे सोडले की पांढऱ्या छताची खोली जेवण्याइतकी उजळते. कौलारू घरात ही युक्ती चालत नाही, काळी पडलेली कौले सगळा उजेड गिळतात. तिथे टॉर्च उभा करून त्यावर पांढरी पातळ प्लास्टिकची बादली उपडी घालावी, पण कमी पातळीवरच. टर्बोवर, म्हणजे सर्वांत जास्त उजेडाच्या पातळीवर, ठेवलेला टॉर्च प्लास्टिक वितळवतो आणि काळ्या कापडाला भोक पाडतो.

टर्बोवर मिनिटभरात उजेड उतरतो. टॉर्च बिघडला का?

बिघडला नाही, शहाणपणाने वागला. एलईडीला दिलेल्या विजेतला निम्म्याहून अधिक भाग उष्णता होतो. १८६५० च्या आकाराचा टॉर्च हातात धरून, वारा नसताना ढोबळमानाने पाच-सहा वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. टर्बोवर आत तीस वॅट येत असतील तर उरलेली उष्णता धातूत साठते, आणि धातू जेवढा कमी तेवढ्या लवकर तो भरतो. सतत टिकणारा उजेड म्हणून लहान टॉर्चकडून ५०० ते ७०० लुमेनचीच अपेक्षा ठेवावी. थंड प्रदेशातल्या चाचणीत ज्या टॉर्चला तीन मिनिटे मिळाली, त्याला मे महिन्यात पणजीत, कोंदट रात्री दोनही मिळणार नाहीत.

टॉर्च टेबलावर ठेवण्यापेक्षा मुठीत धरला तर जास्त टिकतो. हातातले रक्त उष्णता वाहून नेते.

अँड्युरिल असलेल्या टॉर्चमध्ये तापमानाची मर्यादा कशी बदलायची?

अँड्युरिल हे टॉर्चच्या आत चालणारे, बटणाचे क्लिक ओळखणारे सॉफ्टवेअर. त्याचा प्रगत मेनू चालू असायला हवा. टॉर्च बंद असताना तीन क्लिक केल्यास व्होल्टेज लुकलुकून सांगतो, तिथून दोन क्लिक केल्यास तापमान. तापमान सांगत असताना सात वेळा दाबा आणि सातव्यांदा बटण सोडू नका. पहिल्या लुकलुकीला सोडले तर सध्याचे तापमान नोंदवता येते: टॉर्च दोन-तीन तास खोलीत पडून असावा, आणि खोली ३० अंशांवर असेल तर ३० क्लिक. दुसऱ्या लुकलुकीपर्यंत धरून सोडले तर मर्यादा ठरते, ती ३० अधिक क्लिकची संख्या. १५ क्लिक म्हणजे ४५ अंश.

आधी तापमान नोंदवा, मग मर्यादा. चिप दहा अंश चुकीचे वाचत असेल तर मर्यादेला अर्थ राहत नाही. ५० च्या वर नेऊ नये. ६० अंशांचा धातू हातात धरवत नाही, आणि आतला सेल तेवढाच तापलेला असतो.

सेल कोणता घ्यावा?

टॉर्च किती करंट ओढतो त्यावर ठरते. जास्त मिलीअँपिअर-तासांचा सेल सहसा कमी करंट देतो आणि जास्त करंटचा सेल कमी साठवतो. पॅनासॉनिकचा ३४०० चा एनसीआर-१८६५०-बी साध्या टॉर्चला उत्तम, पण १० अँपिअर ओढणाऱ्या टॉर्चमध्ये त्याचे व्होल्टेज लगेच बसते. तिथे सॅमसंग ३०क्यू, मुराता व्हीटीसी-६ किंवा एलजी एचजी-२ असा ३००० चा सेल लागतो. २१७०० आकारात हाच फरक सॅमसंग ५०ई आणि मोलिसेल पी-४२ए यांच्यात आहे. पहिला ५००० चा, सौम्य कामाचा. दुसरा ४२०० चा, ताकदीचा.

सेलवर ९९०० किंवा १२००० छापले असेल तर तो हातातही धरू नये. सर्रास मिळणाऱ्या अस्सल १८६५० ची मजल ३५०० च्या आसपास संपते. वजन करून बघणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा: चांगला १८६५० साधारण ४४ ते ४९ ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅम भरला तर आत माल कमी आहे. सोनाराचा काटा लागत नाही, स्वयंपाकघरातला पुरतो.

लांबी तपासा. आत संरक्षण सर्किट असलेला सेल ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर होतो. तो जबरदस्तीने बसवला की स्प्रिंग चेपते किंवा सेलचे बूड दबते. शिवाय हे सर्किट ठराविक करंटला सेल बंद पाडते, म्हणून ताकदीच्या टॉर्चमध्ये बहुधा बिनसंरक्षणाचाच सेल सांगितलेला असतो. असा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटा ठेवणे म्हणजे आगीला बोलावणे. प्लास्टिकची डबी दहा-वीस रुपयांची असते.

आवरण फाटलेला सेल लगेच बाजूला काढा. सेलचा सगळा पत्रा ऋण असतो, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत. नेमके तिथे आवरण फाटले तर टॉर्चच्या आतच शॉर्ट होतो. नवे आवरण चढवता येते: १८६५० साठी सपाट मापात साडेएकोणतीस मिलिमीटरची पीव्हीसी नळी, वर नवी कागदी चकती आणि हेअर ड्रायर.

तीन-चार सेलच्या टॉर्चमध्ये वेगवेगळे सेल चालतील?

नाही. सेल एकामागोमाग जोडलेले असतील तर सर्वांत दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याला उलटा चार्ज करू लागतात. टॉर्च फुटल्याच्या घटनांमागे हे एक ठळक कारण आहे. समांतर जोडणीत धोका वेगळा: ४.२ व्होल्टचा भरलेला सेल आणि ३.५ चा उतरलेला शेजारी ठेवला की टॉर्च बंद असतानाही पहिल्यातून दुसऱ्यात मोठा करंट धावतो. घालण्याआधी मल्टिमीटरने मोजा, फरक ०.०५ व्होल्टच्या आत हवा. संच एकत्र विकत घ्या, त्यावर मार्करने तारीख घाला आणि तो कायम एकत्रच वापरा.

चार्जिंग आणि साठवण?

४.२० व्होल्टला थांबणारा चार्जर, ०.०५ चा फरक क्षम्य. करंट क्षमतेच्या निम्मा, म्हणजे ३००० च्या सेलला दीड अँपिअर. टॉर्चमधून काढलेला तापलेला सेल लगेच चार्जरला लावू नका; ४५ अंशांच्या वर चार्जिंग नको. २.५ व्होल्टच्या खाली जाऊन आठवडेच्या आठवडे पडलेला सेल पुन्हा जिवंत करण्याचा मोह टाळा.

महिनाभर वापर नसेल तर ३.६ ते ३.७ व्होल्टवर ठेवा. पूर्ण भरून ठेवलेला सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो. उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर टॉर्च ठेवायचा नाही. काचेमागे तापमान साठ अंशांच्या वर सहज जाते.

गावच्या घरी, जिथे चार्जरकडे कुणी बघणार नाही, तिथे दोन एए निकेल सेलचा साधा टॉर्च बरा. अल्कलाइन सेल वर्षभर पडून राहिले की गळतात आणि नेमका पहिल्या पावसात वीज गेल्यावर स्प्रिंगवर पांढरा थर सापडतो.

टॉर्चमध्ये बदल करायचा आहे. सुरुवात कशाने करावी?

एलईडीने नव्हे. इसोप्रोपाइल अल्कोहोल आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने. मागच्या झाकणाचे आटे, नळीची उघडी कडा, स्प्रिंगचे टोक आणि सेलची दोन्ही टोके पुसा. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या उघड्या कडेवर करडा थर बसतो आणि करंट याच कडेतून जातो. मागे स्विच धरून ठेवणारी आट्यांची रिंग टोकदार चिमट्याने घट्ट करा. ‘टॉर्च मंद झाला’ म्हणून आलेल्या टॉर्चपैकी बरेचसे एवढ्यावर घरी परततात.

यानंतर स्प्रिंगला समांतर तार जोडणे. स्प्रिंगचा रोध फार वाटत नाही, पण दोन स्प्रिंग मिळून ३० मिलिओम धरले तर ६ अँपिअरला ०.१८ व्होल्ट तिथेच पडतात आणि १ वॅटहून थोडी अधिक उष्णता होते. १० अँपिअरला ३ वॅट.

लागणारे साहित्य: २० गेजची सिलिकॉन तार ४ सेंटिमीटर, ६३/३७ सोल्डर, फ्लक्स, ६० वॅटचे सपाट टोकाचे आयर्न. स्प्रिंगच्या वरच्या वेढ्याला तारेचे एक टोक आणि तळाच्या पॅडला दुसरे. तार स्प्रिंग पूर्ण ताणली तरी सैल राहील इतकी लांब, आणि स्प्रिंग दाबली की वेढ्यांच्या आत घडी होईल इतकी आखूड. आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नये, नाहीतर स्प्रिंगचा ताण मरतो. वरचा सोल्डर पसरट ठेवा; गोळा राहिला तर सेलच्या बुडाला खळगा पडतो.

पुढच्या, म्हणजे ड्रायव्हरकडच्या (एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटकडच्या) स्प्रिंगला हे करताना जास्त सावध राहा. ती धन आहे आणि नळी ऋण. तार बाहेर डोकावून नळीला टेकली तर सेल थेट शॉर्ट होईल. सेल घालण्याआधी मल्टिमीटरच्या बीपने तपासा.

तार जोडली, तरी उजेड वाढला नाही. का?

ड्रायव्हर कोणता आहे? सेल थेट एलईडीला जोडणाऱ्या एफईटी ड्रायव्हरमध्ये वाचलेला प्रत्येक दशांश व्होल्ट उजेडात उतरतो. ७१३५ चिपच्या ड्रायव्हरमध्ये करंट ठरलेला असतो, ३५० किंवा ३८० मिलीअँपिअर प्रत्येक चिपमागे. तिथे फायदा फक्त सेल उतरत आल्यावर दिसतो. बक किंवा बूस्ट (व्होल्टेज उतरवणारा किंवा चढवणारा) ड्रायव्हर करंट स्वतःच सांभाळतो, तिथे चालण्याचा वेळ किंचित वाढेल, बस्स.

उलट बाजूही आहे. एफईटी ड्रायव्हर आणि लहान एलईडी असेल तर स्प्रिंगचा रोध हाच त्या एलईडीचा रखवालदार असतो. तो काढून वर ताकदीचा सेल घातला की एलईडी पहिल्याच टर्बोला जातो.

फरक पडला की नाही, हे कसे मोजायचे?

साध्या मल्टिमीटरच्या बारीक वायरी स्वतःच इतका रोध घालतात की आकडा कमी येतो, आणि १० अँपिअरचा फ्यूजही उडतो. डीसी मोजणारा क्लँप मीटर घ्या. मागचे झाकण काढा, घरातल्या वायरिंगच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा फास करून सेलचे बूड आणि नळीची कडा जोडा, फासाभोवती क्लँप लावा.

प्रकाशासाठी मोबाइलचे लक्स ॲप चालेल, पण फक्त तुलनेला. पांढऱ्या टाइलच्या न्हाणीघरात टॉर्च छताकडे तोंड करून ठेवा, मोबाइल दरवेळी त्याच जागी, वाचन तिसाव्या सेकंदाला. सेल दोन्ही वेळा ४.२० ला भरलेला हवा. पल्ल्यासाठी खरा लक्समीटर ५ मीटरवर धरा आणि आकड्याला २५ ने गुणा, कॅन्डेला मिळतात.

एलईडी कसा बदलायचा?

विकत घेण्याआधी तीन गोष्टी जुळवा. व्होल्टेज: ड्रायव्हर ३, ६ की १२ व्होल्टचा आहे? एक्सएचपी-५० सारखा एलईडी बोर्डाच्या जोडणीनुसार ६ किंवा १२ व्होल्टचा होतो. बोर्डाचा व्यास: बहुधा १६ किंवा २० मिलिमीटर. आणि पॅडचे माप: ३५३५ चा (साडेतीन मिलिमीटर चौकोनी) एलईडी ५०५० च्या बोर्डावर बसत नाही. बोर्ड तांब्याचा आणि मधला पॅड थेट तांब्यावर असलेलाच घ्या. स्वस्त ॲल्युमिनियम बोर्डात मध्ये निरोधक थर असतो, तोच उष्णता अडवतो.

सेल काढा. पुढची कडी फिरत नसेल तर गोंद लावलेला असतो. हेअर ड्रायरने तापवून रबरी कापडाने पकडून फिरवा. पक्कड लावलीत तर ओरखडे कायमचे. काच, रिफ्लेक्टर, मध्यकडी (एलईडीला रिफ्लेक्टरच्या मध्यावर धरणारी कडी) क्रमाने काढून ठेवा आणि फोटो घ्या. तारा सोडवताना २५ वॅटचे आयर्न हरते, कारण बोर्ड आणि खालचा धातू उष्णता पिऊन टाकतात. पाच मिनिटे घासत बसण्यापेक्षा ६० वॅटने दोन सेकंदांत काम करा.

बोर्डाच्या तिन्ही पॅडवर सोल्डर पेस्टचा पातळ थर द्या, एलईडी ठेवा आणि तापत्या पाटीवर गरम करा. उलटी धरलेली कपड्यांची इस्त्रीही चालते, पण ती घट्ट पकडलेली हवी. ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतो, बिस्मथचा १३८ ला. इस्त्रीवर बिस्मथचा सोपा जातो, मात्र खूप तापणाऱ्या टॉर्चला पहिलाच बरा. पेस्ट चकाकली की एलईडी स्वतःच मध्यावर सरकतो. चिमट्याने त्याच्या कडेला हलका धक्का द्या. परत जागेवर आला तर सोल्डर नीट बसला. वरच्या मऊ घुमटाला चिमटा लावला तर आतली तार तुटते आणि नवा एलईडी कचऱ्यात जातो.

बसवण्याआधी ५० ते १०० मिलीअँपिअरवर पेटवून बघा. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर ३ व्होल्टचा एलईडी मंद उजळतो, ६ व्होल्टचा बहुतेक मीटरवर उजळत नाही. तो खराब आहे असे समजून फेकू नका.

बोर्डाखाली तांदळाच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. तारांचे सोल्डर ठेंगणे ठेवा, वर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावा. रिफ्लेक्टरचा पत्रा सोल्डरला टेकून शॉर्ट होणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे.

झोताच्या मध्ये काळे वर्तुळ दिसते.

एलईडी रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर नाही. मध्यकडीची जाडी बदला. ०.२ मिलिमीटरनेही झोत बदलतो. आधी पुढची कडी पूर्ण आवळलेली आहे ना ते बघा.

उजेड अचानक निळसर झाला.

एलईडी भाजतो आहे. लगेच बंद करा. एकतर करंट जास्त आहे किंवा बोर्डाखाली पेस्टमध्ये पोकळी राहिली आहे. पिवळा लेप तापून कमी काम करू लागतो आणि खालचा निळा प्रकाश तसाच बाहेर येतो. पाच-दहा सेकंदांत दिसले तर बहुधा दोष बोर्डाखाली आहे, एका क्षणात दिसले तर करंटमध्ये.

पांढरा की पिवळसर? धुक्यात पिवळा चांगला ना?

धुक्यात पिवळा उजेड ‘आरपार जातो’ ही समजूत जुनी आहे. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरले जातात. चोर्ल्याच्या घाटात पावसाळी धुक्यात समोर पांढरी भिंत दिसते, कारण टॉर्च डोळ्यांजवळ असतो. डोक्यावरचा दिवा काढून टॉर्च कमरेखाली धरा, झोत अरुंद ठेवा, पातळी कमी करा. फरक तिथेच दिसेल.

रंगाचा खरा उपयोग ओळखण्यात आहे. तांबडी भाजी हातात घेऊन बघा: स्वस्त, ६५०० केल्विनच्या (निळसर पांढऱ्या) एलईडीखाली ती मळकट तपकिरी दिसते, निचिया ५१९ए सारख्या ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) असलेल्या एलईडीखाली तांबडी. रानात चापडा साप हिरवा, पिवळा किंवा तपकिरी असतो आणि पानांत तसाच मिसळतो. तिथे रंगांतला हा फरक कामाला येतो. किंमत म्हणून पाचव्या हिश्श्यापर्यंत लुमेन कमी मिळतात. हा सौदा आमच्या मते फायद्याचा आहे. पिवळसर उजेडात निळा अंश कमी असल्याने किडेही कमी येतात, आणि पावसाळ्यात हे लहान सुख नव्हे.

काचेच्या आतून वाफ धरते.

टॉर्च दमट दिवशी उघडला, आत दमट हवा कोंडली गेली, बाहेरून थंड पाऊस लागला की काचेवर पाणी जमते. टॉर्च एसी खोलीत न्या, तिथल्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण आणि पुढची कडी उघडून तासभर ठेवा आणि तिथेच बंद करा. उलटे करू नका. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला २६ अंशांच्या पृष्ठभागावर दव पडते. एसी गाडीतून काढलेला थंड टॉर्च अंगणात उघडला तर दव थेट ड्रायव्हरवर.

आयपीएक्स-८ (पाण्यात बुडाले तरी चालेल असे मानांकन) लिहिले असले तरी तापलेला टॉर्च व्हाळाच्या पाण्यात बुडवू नका. आतली हवा ५५ वरून २८ अंशांवर आली की दाब आठ टक्क्यांनी पडतो आणि टॉर्च ओ-रिंगमधून पाणी शोषतो. समुद्रावरून आल्यावर नळाच्या गोड पाण्याने धुवा, झाकण बंद ठेवून. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, पावसाआधी एकदा आणि चवथीला एकदा.

हायवर टाकला की बंद पडतो, लोवर चालतो.

आधी दुसरा, ताकदीचा, भरलेला सेल घाला. तरी तसेच झाले तर झाकण काढून जाड तांब्याच्या तारेने सेलचे बूड नळीच्या कडेला जोडा. आता नीट चालला तर दोष मागच्या झाकणात, बहुधा सैल रिंग किंवा जळालेला स्विच. तरीही बंद पडला तर ड्रायव्हरकडे बघा. स्विच मागेच इलेक्ट्रॉनिक असलेल्या टॉर्चला ही तारेची परीक्षा लागू नाही.

समुद्रकिनारी आणि रानात टॉर्च मारल्याने काही बिघडते का?

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून. पांढऱ्या उजेडाने मादी माघारी फिरते आणि पिल्ले समुद्राऐवजी दिव्याकडे धावतात. हंगामात या किनाऱ्यांवर टॉर्च बंद ठेवावा. अगदीच लागला तर मंद लाल, जमिनीकडे.

पावसाळ्यात बेडूक पकडायला कोणता टॉर्च, असेही विचारले जाते. कोणताच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. मासेमारीत एलईडीचा प्रखर प्रकाश वापरण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आणि रापणकारांची तक्रारही याच प्रकाशाविरुद्ध आहे. म्हादई आणि मोलेच्या रानात पावसाळ्यात चमकणारी बुरशी बघायला जाल तेव्हा टॉर्च विझवून दहा-पंधरा मिनिटे अंधारात उभे राहावे लागते. एकाने टर्बो लावला तर सगळ्यांचे डोळे पुन्हा शून्यावर.

विमानात नेता येतो?

सुटे सेल फक्त हातातल्या सामानात, प्रत्येक सेल डबीत किंवा टोकांना टेप लावून. १०० वॅट-तासांची मर्यादा एका सेलमागे आहे. ५००० चा २१७०० अवघा १८ वॅट-तासांचा असतो. दाबोळी आणि मोपाच्या आसपास आकाशात झोत मारू नका. उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांवर तो पडतो.

निकामी सेलचे काय करायचे?

दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलेला सेल कचरागाडीत दाबला जातो आणि तिथेच पेट घेतो. फुगलेला, गोडसर वास येणारा किंवा चार्ज न होताही गरम लागणारा सेल घरात ठेवू नका. देईपर्यंत तो वाळूने भरलेल्या मातीच्या कुंडीत, बाहेर, पावसापासून आडोशाला ठेवा.